डबलसीट, घाट आणि मागचे शॉकअप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सबमिशन संपली, व्हायवाला आठ दिवस होते आणि होस्टेलवर कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मी आणि माझा रूम पार्टनर दिवेआगरला निघालो. गाडी म्हणजे काकांकडून वारसाहक्काने आलेली जुनी दीडशे सीसी. मागे कॅरिअरला दोन सॅक, तंबू आणि पार्टनरच्या आईने दिलेला डबा. मुळशीपर्यंत मजा आली. ताम्हिणी सुरू झाल्यावर मात्र प्रत्येक खड्ड्यात खालून 'ठक्क' असा आवाज यायला लागला. पार्टनर आधी शिव्या देत होता, नंतर कण्हायला लागला, आणि नंतर गप्प झाला. मागे बसलेला माणूस गप्प झाला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

उतारावरच्या एका ओल्या वळणावर लागोपाठ तीन उंचवटे आले. गाडीचा मागचा भाग एकदा खाली बसला, वर आला, पुन्हा बसला आणि काही केल्या थांबेना. मी आतल्या बाजूने वळत होतो, गाडी मात्र डोलत डोलत पिवळ्या रेषेकडे सरकत होती. समोरून एसटी आली. ड्रायव्हर मामांनी बस कडेला दाबली म्हणून आज हा लेख लिहितोय. निजामपूरच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो तेव्हा पार्टनरला सरळ उभं राहता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कमरेचे स्नायू दुखावलेत, आठवडाभर झोपून राहा. त्याने व्हायवा उभ्याने दिली, कारण बसता येत नव्हतं. एक्स्टर्नलला वाटलं, मुलगा फारच नम्र आहे.

त्या दिवसापासून मागचे शॉकअप हा माझ्यासाठी सातवा विषय झाला. त्यात मी आधी सपशेल नापास झालो, मग री-एक्झामला पास झालो. दोन्हींचा हिशेब इथे मांडतोय. आपल्याकडे दर लाँग वीकेंडला निम्मं पार्किंग रिकामं होतं आणि त्यातल्या बहुतेक गाड्या डबलसीट जातात, म्हणून हा उद्योग.

पहिला प्रयत्न: रंग बघून खरेदी

परत आल्यावर मी सगळे करतात तेच केलं. बाजारात गेलो आणि दुकानात सगळ्यात भारी दिसणारे शॉकअप उचलले. लाल स्प्रिंग, बाजूला सोनेरी डबा. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली?" मी सांगितली. "बसतील," तो म्हणाला. बसले खरे. मेसच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढे पैसे गेले.

पहिल्या दिवशी कळलं की डबल स्टँडवर लावली तरी गाडीचं मागचं चाक जमिनीला टेकतंय. दुसऱ्या दिवशी साईड स्टँडवर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलली आणि रात्रीच्या पावसात माती भिजल्यावर सरळ रेक्टर सरांच्या स्कूटरवर आडवी झाली. सर, पुन्हा एकदा सॉरी. तिसऱ्या दिवशी एकटाच कात्रजपर्यंत जाऊन आलो तर साध्या डांबरी रस्त्यावरही दात वाजत होते. आणि गाडी वळताना हँडल नको इतकं हलकं वाटत होतं.

म्हणजे आधीचे शॉकअप बसत होते म्हणून वाईट, नवे बसत नव्हते म्हणून वाईट. मग चांगले म्हणजे नेमके कसे? हे विचारायला एस.ओ.एम. लॅबमध्ये गेलो. लॅब असिस्टंट काकांनी एकच प्रश्न विचारला, "मोजलंस काय काय?" मी काहीच मोजलेलं नव्हतं. या लेखाचं सार त्या एका प्रश्नात आहे.

शॉकअपमध्ये असतात दोन नोकर

आपण ज्याला एक वस्तू समजतो त्यात दोन वेगळी कामं करणारे दोन नोकर असतात. एक स्प्रिंग आणि दुसरा डॅम्पर.

स्प्रिंगचं काम वजन पेलायचं आणि धक्का साठवून ठेवायचा. जितकी दाबाल तितका तिचा जोर वाढतो, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम आपण अकरावीपासून घोकतोय. पण स्प्रिंग प्रामाणिक सावकारासारखी असते. घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ सगळी परत करते. खड्ड्यात दाबली गेली की तेवढ्याच जोराने वर फेकते, मग पुन्हा खाली, पुन्हा वर.

हे थांबवतो डॅम्पर. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि स्प्रिंगने परत केलेली ऊर्जा उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून वीस-पंचवीस किलोमीटर आल्यावर शॉकअपच्या खालच्या नळीला जपून हात लावून बघा, कोमट लागेल. दोनपैकी एक कोमट आणि दुसरा गार असेल तर समजा, गार असलेला नुसता पगार खातोय.

मुख्य फरक असा, की स्प्रिंगला 'किती दाबलं' हे कळतं, डॅम्परला 'किती वेगाने दाबलं' हे कळतं. उभ्या गाडीवर बसल्यावर गाडी किती खाली बसते ते स्प्रिंग ठरवते, डॅम्परचा त्यात काही संबंध नाही. खड्डा ओलांडल्यावर गाडी किती वेळा डोलते ते डॅम्पर ठरवतो. माझ्या जुन्या गाडीत दोन्ही आजार होते. 'ठक्क' हा स्प्रिंगचा आजार, वळणावरचं डोलणं हा डॅम्परचा.

मोजमाप: टेप, मेसचा काटा आणि तीन मित्र

आता री-एक्झाम. जुने शॉकअप पुन्हा बसवले आणि मोजायला बसलो.

मागच्या चाकाच्या अॅक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर एक खूण करा. दोघांनी गाडी धरा, तिसऱ्याने टेप. पहिलं माप डबल स्टँडवर, चाक अधांतरी. दुसरं गाडी नुसती चाकांवर उभी. तिसरं आपण नेहमीच्या पद्धतीने बसल्यावर. चौथं मागे मित्र आणि सामान लादल्यावर. पहिल्या मापातून बाकीची वजा करा. गाडी किती बसली ते कळतं, याला 'सॅग' म्हणतात.

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल ८० मिमी. आकडे असे आले: गाडी नुसती उभी, १२ मिमी. मी एकटा, २६ मिमी. डबलसीट अधिक सामान, ५३ मिमी.

साधारण नियम असा आहे की एकट्याने बसल्यावर एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश सॅग असावा. माझा २६ म्हणजे जवळपास बरोबर एक तृतीयांश. म्हणून एकट्याने कॉलेजला जाताना गाडी मस्त वाटायची! पण डबलसीट ५३, म्हणजे ८० पैकी ६६ टक्के हालचाल नुसतं बसण्यातच संपलेली. खड्ड्यासाठी उरले २७ मिमी. ताम्हिणीतला खड्डा २७ मिमीत कुठला मावतो? ते संपले की रबराचा ठोकळा, आणि त्यानंतर थेट पार्टनरचा मणका.

इथेच माझा सगळ्यात मोठा गैरसमज तुटला. 'मऊ म्हणजे आरामशीर' हे दुकानात सीट दाबून बघताना खरं वाटतं. वजन लादल्यावर मऊ स्प्रिंग आधीच दबून बसते, आणि हालचाल संपलेल्या स्प्रिंगएवढी कडक वस्तू जगात दुसरी नाही.

पुढचं माप वजनाचं. मेसच्या काकांची धान्य मोजायची प्लॅटफॉर्म काटा-गाडी एका दुपारी उसनी घेतली. मागचं चाक काट्यावर, पुढचं चाक तेवढ्याच उंचीच्या विटांवर. नुसती गाडी असताना मागे ८० किलो, मी बसल्यावर १२०, आणि दोघे अधिक सामान २००. माझं वजन ६५ आहे, पण मागच्या चाकावर आले ४०, बाकीचे पुढे गेले. मागे बसलेल्याचे मात्र सगळेच्या सगळे ६० आणि सॅकचे २० मागच्या चाकावर. डबलसीट प्रवासात मागच्या शॉकअपवरचा भार एकदम का वाढतो, ते या आकड्यांत दिसतं. पुढच्या शॉकअपला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्प्रिंगचा आकडा कसा काढायचा

स्प्रिंगची ताकद सांगायची साधी पद्धत म्हणजे एक मिलीमीटर दाबायला किती किलो लागतात. एस.ओ.एम. लॅबमधलं स्प्रिंग टेस्टिंग मशीन आपण जर्नलसाठी एकदाच वापरतो. काकांच्या परवानगीने त्यावर माझी जुनी स्प्रिंग लावली. बरोबर २ किलो प्रति मिमी आली.

मशीन नसेल तर व्हर्निअर पुरतो. मशीन डिझाइनच्या पेपरात पाठ केलेलं ते सूत्र इथे कामाला येतं: तारेच्या व्यासाचा चौथा घात गुणिले पोलादाचा रिजिडिटी मॉड्युलस, भागिले वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन, काम करणारी वेटोळी आणि आठ यांचा गुणाकार. माझी तार ७.५ मिमी, सरासरी व्यास ५० मिमी, वेटोळी साडेबारा. मॉड्युलस ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर उत्तर सुमारे २० न्यूटन, म्हणजे २ किलो प्रति मिमी. मशीन आणि पुस्तक एकमत झाल्याचा हा माझ्या इंजिनिअरिंगमधला पहिलाच प्रसंग.

या सूत्रातला चौथा घात लक्षात ठेवा. तार ७.५ ऐवजी ८ मिमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही इतकी जाड, की ताकद जवळपास ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून दुकानात 'थोडीशी जाड स्प्रिंग आहे' या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नये. माझ्या लाल स्प्रिंगा मोजल्या तर ४ किलो प्रति मिमी निघाल्या. सरळ दुप्पट!

आता एक गोम. शॉकअप तिरका असतो आणि चिमट्यावर अॅक्सलच्या जरा पुढे लागलेला असतो. त्यामुळे चाक जितकं वर येतं तितका शॉकअप दाबला जात नाही. माझ्या गाडीत चाक ५३ मिमी वर आलं तेव्हा शॉकअप ४५ मिमी दाबला गेला, म्हणजे गुणोत्तर ०.८५. चाकाला जाणवणारी ताकद काढताना या गुणोत्तराचा वर्ग करायचा, कारण एकदा अंतर कमी होतं आणि एकदा जोर. वर्ग झाला ०.७२. दोन शॉकअप, प्रत्येकी २ किलो, म्हणून चाकापाशी ४ गुणिले ०.७२, म्हणजे सुमारे २.९ किलो प्रति मिमी.

पडताळा घ्या. आम्ही दोघे आणि सामान मिळून मागे आले १२० किलो. १२० भागिले २.९ म्हणजे ४१ मिमी. गाडीचा स्वतःचा सॅग १२, बेरीज ५३. टेपने मोजलेला आकडा हाच होता!

प्रीलोड: सगळ्यात जास्त गैरसमज असलेली रिंग

"अरे, हुक पाना लाव आणि शॉकअप टाईट कर," हा सल्ला पार्किंगमध्ये फुकट मिळतो. स्प्रिंगच्या खाली पायऱ्या असलेली रिंग असते, ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. याला प्रीलोड म्हणतात. यामुळे स्प्रिंग कडक होते असं सगळ्यांना वाटतं. ती होत नाही. २ किलोची स्प्रिंग शेवटच्या पायरीवरही २ किलोचीच राहते. फक्त गाडी वर उचलली जाते.

माझ्या रिंगची उरलेली सगळी फिरवाफिरव मिळून ८ मिमी होती. ८ भागिले ०.८५ म्हणजे चाकापाशी सुमारे ९ मिमी. डबलसीट सॅग ५३ वरून ४४ झाला असता. सुधारणा आहे, पण ८० पैकी ४४ म्हणजे अजूनही ५५ टक्के. शेवटच्या पायरीवरही सॅग निम्म्याच्या वर असेल तर स्प्रिंगच बदलायला हवी, रिंगला दोष देऊन उपयोग नाही.

उलट, रिंग शेवटच्या पायरीवर ठेवून एकटं फिरलं तर सॅग फारच कमी राहतो. मग खळग्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि ते रस्ता सोडतं. म्हणून डबलसीटहून परत आल्यावर रिंग पहिल्या जागेवर आणायची. हे काम दोन मिनिटांचं असतं आणि कुणीच करत नाही.

मग किती कडक?

लाल स्प्रिंगचं काय चुकलं ते आता कळतं. ४ किलोच्या दोन स्प्रिंगा म्हणजे चाकापाशी ५.८. मी एकटा बसल्यावर सॅग जेमतेम १० मिमी. शिवाय कंपनांचा हिशेब बघा. एकट्याने बसल्यावर मागच्या स्प्रिंगांवर पेललेलं वजन सुमारे १०० किलो होतं, चाक आणि चिमटा सोडून. २ किलोच्या स्प्रिंगवर त्याची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला २.७ येते, ४ किलोच्या स्प्रिंगवर ३.८. उभ्या कंपनांचा त्रास माणसाच्या शरीराला साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त होतो. मी पैसे मोजून त्या पट्ट्याच्या दारात जाऊन बसलो होतो.

मधला मार्ग म्हणून २.५ किलोचा हिशेब केला. चाकापाशी ३.६ किलो प्रति मिमी. गाडीचा स्वतःचा सॅग ८, मी एकटा १९, म्हणजे २४ टक्के. जरासा कडक, पण चालेल. डबलसीट आणि सामान ४१. रिंग शेवटच्या पायरीवर नेली की ३२, म्हणजे बरोबर ४० टक्के. खड्ड्यासाठी उरले ४८ मिमी. आधी २७ होते! आणि एकट्याची वारंवारता फक्त ३ पर्यंत गेली.

स्प्रिंग निवडायचं तत्त्व यातून निघतं. जास्तीत जास्त ज्या वजनाने फिरता त्याला धरून स्प्रिंग घ्या, आणि अधूनमधून होणारा बदल प्रीलोडने सांभाळा. वर्षातून एकदाच डबलसीट जाणाऱ्याने कडक स्प्रिंग घेऊ नये. दर आठवड्याला जोडीने फिरणाऱ्याने मऊ घेऊ नये.

काही स्प्रिंगांची वेटोळी एका टोकाला जवळजवळ असतात. दाबल्यावर ती वेटोळी आधी एकमेकांना टेकतात आणि उरलेली स्प्रिंग कडक होत जाते. एकटे आणि डबलसीट असं दोन्ही फिरणाऱ्यांना ही तडजोड बरी पडते. मात्र डॅम्परला एकाच वेळी मऊ आणि कडक दोन्ही स्प्रिंगांना आवरावं लागतं, तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

डॅम्पर: डोलणं कोण थांबवणार?

वळणावर जीव जाणार होता तो डॅम्परमुळे. तपासणी सोपी. सीट जोरात दाबून सोडा आणि मित्राला मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा. माझ्या जुन्या गाडीचा पहिला हेलकावा ४० मिमी होता, पुढचा २० मिमी. व्हायब्रेशनच्या पेपरातलं लॉगरिदमिक डिक्रिमेंट वापरलं तर डॅम्पिंग रेशो ०.११ येतो. दर हेलकाव्याला निम्मी हालचाल शिल्लक. चांगल्या स्थितीत रेशो ०.३ च्या आसपास असेल तर पुढच्या हेलकाव्यात सातवा हिस्साच उरतो, म्हणजे गाडी एकदा वर येऊन गप्प बसते.

आता गंमत अशी की तोच डॅम्पर डबलसीट असताना आणखी दुबळा ठरतो. पेललेलं वजन १०० वरून १८० किलो झालं की रेशो मूळच्या तीन चतुर्थांशावर येतो. वर स्प्रिंग कडक केली तर आणखी दहा टक्के कमी. म्हणून जुन्या दमलेल्या डॅम्परवर नुसती कडक स्प्रिंग चढवणं धोक्याचं. 'ठक्क' थांबेल, डोलणं वाढेल. स्प्रिंग आणि डॅम्पर जोडीने बदलायचे.

डॅम्परची दोन कामं असतात, दाबताना आवरणं आणि परत येताना आवरणं. परतीचं म्हणजे रिबाउंड डॅम्पिंग बहुधा जास्त ठेवतात, कारण साठलेली ऊर्जा तेव्हा सुटत असते. बऱ्याच बदली शॉकअपांना यासाठी खाली एक फिरकी असते. प्रवासाला जाणाऱ्याने शक्य असेल तर फिरकीवालाच घ्यावा. पण "जास्त म्हणजे चांगलं" इथेही चालत नाही. रिबाउंड फार आवळलं तर पहिल्या उंचवट्यानंतर स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. मागचा भाग खालीखाली जात शेवटी तळाला टेकतो. टोलनाक्याआधीच्या पट्ट्यांवर हे लगेच जाणवतं.

फिरकी लावायची पद्धत: आधी पूर्ण बंद करा, मग किती क्लिक उघडली ते वहीत लिहा. एकाच ओळखीच्या रस्त्यावर, एकाच वेगाने, एका वेळी दोनच क्लिक बदला. दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

गॅसचं काय?

"गॅसवाले घे" असं सगळे म्हणतात. गॅस म्हणजे गाडी हवेवर तरंगते असं काही नाही. डॅम्परमध्ये तेलाशेजारी हवा असेल तर खराब रस्त्यावर ती तेलात घुसळली जाते, फेस होतो, आणि फेस भोकांतून सहज निसटतो. तासाभराने डॅम्पर थकलेला वाटतो तो यामुळे. फ्रेंच अभियंता दे कार्बाँ याने १९५० च्या दशकात तरंगत्या पिस्टनने तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवणारा एकनळी डॅम्पर पुढे आणला. दाबामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत. बाजूला किंवा वर डबा असतो तो बऱ्याचदा या गॅससाठी. लांबच्या खडतर प्रवासात याचा फायदा नक्की होतो. पण काही स्वस्त शॉकअपांना डबा फक्त शोभेचा असतो, हे माझ्या सोनेरी डब्याने शिकवलं. उघडून बघितलं नाही, कारण गॅसचा शॉकअप कधीही कापू, भोसकू किंवा तापवू नये. हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळलं, तेवढं पुरे झालं.

लांबी: वीस मिलीमीटरची किंमत

दोन्ही टोकांच्या भोकांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे शॉकअपची लांबी. माझे नवे २० मिमी लांब होते. गाडीचा मागचा भाग सुमारे २३ मिमी उचलला गेला. चाकांमधलं अंतर १३०० मिमी धरलं तर गाडी एक अंशाने पुढे झुकली. पुढच्या फोर्कचा कोन २६ चा २५ झाला, आणि ९० मिमीचा ट्रेल साधारण ६ मिमीने घटला. ट्रेल हँडलला सरळ ठेवतो. तो घटला म्हणून हँडल हलकं, उतावळं वाटत होतं. साईड स्टँडची लांबी मात्र तेवढीच राहिली, त्याची फळं रेक्टर सरांच्या स्कूटरने भोगली. आखूड शॉकअप लावले तर उलट होतं: सायलेन्सर गतिरोधकाला घासतो आणि वळताना स्टँड जमिनीला लागतो. म्हणून लांबी मूळचीच ठेवा. पाच मिमीपेक्षा जास्त फरक नको.

दुकानात जाण्यापूर्वी

आधी फुकटच्या गोष्टी बघा. टायरमधली हवा डबलसीटसाठी वेगळी असते, आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. चिमट्याचे बुश ढिले असतील किंवा कोनसेट गेला असेल तर कितीही महाग शॉकअप लावा, गाडी वळणावर हलणारच. चाक धरून आडवं हलवून बघा. सीटचा फोम बसला असेल तर तोही कारण असू शकतो.

एवढं करूनही बदलायचेच ठरले तर हे कागदावर लिहून न्या: भोकापासून भोकापर्यंत लांबी, वरच्या-खालच्या बुशचा आतला व्यास, खालचं टोक गोल आहे की दोन पाकळ्यांचं, मूळ शॉकअपचा स्ट्रोक, आणि हिशेबाने काढलेली स्प्रिंगची ताकद. ताकद सांगता न येणाऱ्याकडून घेऊ नका. नवा शॉकअप चेनकव्हर, सायलेन्सर आणि टायरला कुठे लागत नाही ना, ते पूर्ण दाबलेल्या स्थितीत तपासा. कायम जोडीच बदला. सील आणि तेल बदलता येणारा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, दोन-तीन वर्षांनी वसूल होतात. आणि स्प्रिंग घरी, म्हणजे खोलीत, दोरीने आवळून काढायचा प्रयत्न करू नका. २ किलोची स्प्रिंग २० मिमी दाबलेली असली तरी ४० किलोचा जोर घेऊन बसलेली असते. योग्य हत्यार असलेल्या गॅरेजमध्येच हे काम करून घ्या.

जाता जाता, हे शॉकअप फार लांबून येतात असं नाही. चाकण, नाशिक आणि वाळूज या आपल्याच औद्योगिक वसाहतींत ते बनवणारे मोठे कारखाने आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी तीच ती ठिकाणं सुचवण्यापेक्षा एकदा तिकडे जाऊया, ही विभागप्रमुखांना नम्र विनंती.

री-एक्झामचा निकाल

शेवटी मूळ लांबीचे, २.५ किलोच्या स्प्रिंगचे, रिबाउंडची फिरकी असलेले शॉकअप घेतले. काळा रंग, डबा नाही, कुणी वळूनही बघत नाही. डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर पुन्हा दिवेआगर, तोच रस्ता, तेच सामान. पार्टनर यायला तयार नव्हता. त्याला मापांची वही दाखवली, मेसच्या काट्यावर बसवला, तेव्हा कुठे तयार झाला.

ताम्हिणीच्या त्या वळणावर मी वेग मुद्दाम कमी ठेवला, कारण शॉकअप कितीही चांगले असले तरी ओला रस्ता आणि एसटी दोन्ही आपल्यापेक्षा मोठे असतात. तेच तीन उंचवटे आले. गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. मागून काहीच आवाज नाही. मला धडकी भरली, हा पुन्हा गप्प झाला की काय? आरशात बघितलं, तर साहेब हेल्मेटसकट माझ्या पाठीवर डोकं टेकून चक्क झोपले होते.

यापेक्षा चांगला टेस्ट रिपोर्ट कुठल्याही लॅबमध्ये मिळणार नाही. फक्त मागे बसून झोपू नका, ते धोक्याचं आहे. आणि कुणाला मोजमाप करायचं असेल तर टेप माझ्या खोलीत आहे. मेसचा काटा मात्र काकांना विचारूनच घ्या, आणि नंतर पुसून द्या.